टोपडं घातलेला वरवंटा

सात महिन्यांच्या आयुष्यात माझ्या मुलीनं एकही मिशीवाला माणूस शांतपणे सहन केला नव्हता. पोस्टमन आला की ती रडायची. दूधवाला आला की रडायची. नात आपल्याकडे येत नाही म्हणून माझ्या वडिलांनी, म्हणजे नानांनी, चाळीस वर्षं जपलेली मिशी एका सकाळी उतरवून टाकली, तर त्यांना बघून ती जास्तच रडली. खरं सांगायचं तर आईही दचकली.

आणि ही मुलगी घेऊन मला मस्कतला जायचं होतं. तिथे तिचा बाप नोकरीला होता. मला चौथा महिना असताना तो गेला, आणि नंतर रजा काही मिळाली नाही. लेक त्यानं पाहिली ती फक्त फोटोत. त्याला मिशी होती, आणि ती चांगलीच झुपकेदार होती.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. जळगावला आमच्या घरी फोन नव्हता, त्यामुळे संसार चालायचा तो निळ्या एअरमेलच्या कागदांवर. नवऱ्याचं पत्र म्हणजे सरकारी अहवाल असायचा. उन्हाळा किती, पाणी कसं, क्वार्टरला खिडक्या किती. इंजिनिअर माणूस, भावना त्याला नकाशात दाखवता येत नसत. पण प्रत्येक पत्राच्या शेवटी, घडीच्या चिंचोळ्या जागेत, एकच प्रश्न असायचा: "ती माझ्याकडे येईल ना?" मी दर वेळी लिहायचे, "येईल की, न यायला काय झालं?" हे वाक्य लिहिताना बहुतेक वेळा ती कुणाला तरी बघून हुंदके देत माझ्या मांडीवर पडलेली असायची.

जायचं ठरल्यावर आमच्या आळीत विमानप्रवासाचे तज्ज्ञ उगवले. त्यांच्यातल्या एकानंही विमान जमिनीवर उभं असलेलं पाहिलं नव्हतं, त्यामुळे कुणाच्या मतात शंकेला जागा नव्हती. वर गेलं की बाळाचे कान फुटतात, हे सर्वांना मान्य होतं. उपायही सर्वांना मान्य होता: कापूस. आमच्या जिल्ह्यात कापसाला काय तोटा? निघायच्या दिवसापर्यंत माझ्याकडे इतका कापूस जमला की कान कशाला, पोरीची अख्खी दुलई भरली असती. डॉक्टरांना विचारलं तर ते म्हणाले, विमान चढताना आणि उतरताना तिला अंगावर पाजा, गिळत राहिली की कान दुखत नाहीत. हा सल्ला घरी कुणालाच पटला नाही. परक्या पुरुषांच्या शेजारी बसून पोर पाजायची, यापेक्षा कापूस केव्हाही सभ्य होता.

पण खरा घोटाळा केला तो मी, आणि तोही धुळ्याला.

निघण्याआधी आठ दिवस निरोप घ्यायला सासरी गेले होते. सासूबाईंना अक्षरओळख नव्हती, म्हणून मुलाचं पत्र मी मोठ्यानं वाचून दाखवायचे. मधलं गाळून वाचायची अक्कल त्या दिवशी कुठे गेली कोण जाणे. मी वाचलं, "विमानात पुढची जागा सांगून ठेवली आहे. तिथे भिंतीला बाळासाठी पाळणा लावून देतात."

सासूबाईंचा लसूण सोलणारा हात थांबला.

"पाळणा? नवा पाळणा?"

"हो आक्का. विमानातला."

"त्यामा आधी कोन झोपेल व्हतं?"

आता हे मला काय ठाऊक? असतील कुणाची तरी पोरं, असं मी म्हणाले. इथे दुसरी चूक झाली. सासूबाई उठल्या, हात धुतले, स्वयंपाकघरात गेल्या आणि पाट्यावरचा वरवंटा घेऊन बाहेर आल्या.

ज्यांच्या घरी बारसं साग्रसंगीत होतं त्यांना हे सांगायला नको. आमच्याकडे मूल पाळण्यात घालण्याआधी वरवंटा घालतात. त्याला कुंकू लावतात, टोपडं घालतात, बायका तो पाळण्याखालून एकमेकींकडे देतात, आणि मग मूल. पोर दगडासारखं टणक व्हावं, पाळण्यात काही वाईटसाईट बसलं असेल तर ते दगडानं झेलावं, असा हिशोब. बारशाला मीही हौसेनं तो वरवंटा घेतला-दिला होता. पण तो सोहळा पाच-सहा हजार मैल लांबवर... खोटं कशाला, किती मैल ते मला माहीत नाही. तो असा आकाशात करायचा, ही कल्पना मला नवीन होती.

"नवा पाळणामा पहिले वरवंटा ठेवानं, मंग पोर ठेवानी," सासूबाई म्हणाल्या. "आनि रिकामा पाळणा हालू देवानं नही."

मी बी.एस्सी. झालेली. रसायनशास्त्र घेऊन. शाळेत दोन वर्षं विज्ञान शिकवलेलं. मी सासूबाईंना समजावून सांगितलं की विमानात सामानाच्या वजनाला मर्यादा असते. त्या म्हणाल्या, "मंग तुना ते पुस्तकं काढ." मी म्हणाले, पेटीत घालते. त्या म्हणाल्या, पेटी पोटात जाणार आणि पाळणा वर असणार, तिथे गरज पडली तर काय विमान थांबवून पेटी उघडणार आहेस? माझं रसायनशास्त्र बाजूला ठेवून मी पिशवी पुढे केली. वरवंटा हातातल्या पिशवीत गेला. बारशाचंच टोपडं घालून, झबल्यात गुंडाळून, दुपट्यात.

त्या दिवसापासून सासूबाईंच्या घरी चटणी शेजारणीच्या पाट्यावर वाटली जायला लागली, हे मला फार उशिरा कळलं.

मुंबईला पोचवायला अकरा माणसं आली. विमानतळावर आत एकालाही सोडत नाहीत, हे कळल्यावर अकराही जणांनी तो वैयक्तिक अपमान मानला. नाना पहारेकऱ्याला म्हणाले, "साहेब, बाळाची आई आहे, पहिलाच प्रवास आहे, खिडकीपाशी बसवून येतो फक्त." जळगावच्या एस.टी. स्टँडवर हे चालतं. त्यांचा इरादा आत जाऊन रुमाल टाकून जागा धरायचा होता, असा माझा आजही संशय आहे. आई रडली, मी रडले, आणि पहारेकऱ्याला मिशी असल्यामुळे पोरगीही रडली. तेवढ्यापुरतं घराण्यात एकमत झालं.

आत तपासणीच्या यंत्रातून माझी पिशवी गेली आणि यंत्र थांबलं. पडद्यापुढे बसलेल्या माणसानं पडद्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग माझ्या कडेवरच्या मुलीकडे. त्यानं कुणाला तरी हाक मारली. त्यानं आणखी कुणाला तरी. शेवटी एक वयस्कर पोलीस आले. माझी पिशवी टेबलावर ठेवून दुपटं सोडलं, झबलं सोडलं, आणि टोपडं घातलेला वरवंटा उजेडात उताणा पडला. कपाळाला कुंकू होतंच.

रांगेतले सगळे बघत होते. माझ्या मागे सूट घातलेले एक गृहस्थ होते, ते दोन पावलं मागे सरकले.

पोलीस मराठी निघाले. त्यांनी आवाज खाली आणून विचारलं, "बाई, हा वरवंटा आहे ना?"

"हो."

"बारशाचा?"

"हो. सासूबाईंनी दिलाय. विमानातल्या पाळण्यात..." मी मुलीला दुसऱ्या कडेवर घेतलं. 

ते हसले असते तर बरं झालं असतं, मला भांडता आलं असतं. ते गंभीरपणे म्हणाले, "आमच्याकडेही करतात. पण हा वर नेता येणार नाही. हा कुणाच्या डोक्यात बसला तर विमान उतरवायला माणूस उरायचा नाही." मी विचारलं, बाहेर माझ्या वडिलांकडे देता येईल का? ते म्हणाले, आता वेळ नाही, तुमची घोषणा झाली. मग त्यांनी वरवंट्याचं टोपडं हळूच काढलं, झटकलं, घडी करून माझ्या हातात दिलं. "हे असू द्या," म्हणाले. कात्र्या, सुऱ्या आणि एक अडकित्ता पडलेल्या खोक्यात त्यांनी वरवंटा ठेवला. टाकला नाही, ठेवला. मला तेव्हा फार वाईट वाटलं, आणि वाईट वाटतंय याचा रागही आला.

विमानात शिरले आणि पाहिलं, तर बायका दोनच. एक मी आणि एक हवाई सुंदरी. बाकी अख्खं विमान पुरुषांनी भरलेलं. आखातात कामाला जाणारी माणसं: गवंडी, सुतार, वायरमन, ड्रायव्हर. सुट्टी संपवून परत निघालेली. आणि मिशा! जळगाव ते मुंबई एवढ्या मिशा एका ठिकाणी मी कधी पाहिल्या नव्हत्या. मी मुलीचं तोंड पदरात झाकलं आणि नवऱ्याला लिहिलेली सगळी वाक्यं मला एकामागून एक आठवली.

माझ्या शेजारी खिडकीशी तिशीतला एक माणूस होता. नवा शर्ट, नखांच्या कडांना चुन्याचे पांढरे डाग, मांडीवर कापडी पिशवी. चाळीसगावकडचा गवंडी, हे नंतर कळलं. विमान धावायला लागलं तशी मी घामाघूम झाले. डॉक्टरांनी सांगितलेलं करायची वेळ आली होती, आणि पदर सावरायचा, पोर धरायची की जीव मुठीत धरायचा, हे कळेना. त्या माणसानं माझ्याकडे न बघता पिशवीतून कोरा टॉवेल काढला, माझ्या हाताशी ठेवला आणि खिडकीकडे तोंड केलं. विमान वर जाऊन सरळ होईपर्यंत त्यानं मान वळवली नाही. त्याची मान नक्की अवघडली असणार. पोरगी पीत राहिली, कान शाबूत राहिले, आणि जळगाव जिल्ह्याचा सगळा कापूस वाया गेला.

मग हवाई सुंदरीनं समोरच्या भिंतीला पाळणा लावला. छान होता. मऊ गादी, पट्टे, सगळं. "बेबीला ठेवा मॅडम, तुम्हाला आराम मिळेल," असं ती हिंदीत म्हणाली. मी म्हटलं, ठेवते थोड्या वेळानं. ती गेली. विमान हलत होतं तसा पाळणा हलत होता. रिकामा.

मी त्याच्याकडे बघत बसले. मनात म्हटलं, हे कापड आहे, ही नळी आहे, आणि तू शाळेत मुलांना अंधश्रद्धेवर निबंध घातला होतास. हात भरून आले, मुंग्या आल्या. पाळणा हाताच्या अंतरावर होता. ठेवलं नाही. मला भीती वाटत होती, बस. विज्ञान मी जमिनीवर शिकले होते.

शेजारचा माणूसही पाळण्याकडेच बघत होता.

"ताई, रिकामा हाली ऱ्हायना तो," तो हळूच म्हणाला.

त्या आवाजातली अहिराणी ऐकली आणि मला धीरच राहिला नाही. मी त्याला सगळं सांगितलं. सासूबाई, वरवंटा, टोपडं, पोलीस. तो एकदाही हसला नाही. त्यानं मांडीवरची कापडी पिशवी उचलली आणि पाळण्यात ठेवली. "मुरमुरा शेत," म्हणाला. "रिकामा तं नही ना आते." अशा रीतीनं माझ्या मुलीसाठी खास मागवलेल्या पाळण्यात चाळीसगावचे मुरमुरे मस्कतपर्यंत आरामात झोपून गेले.

मग त्यानं हात पुढे केले. "तिले मना हातमा द्या. तुमना हात भरी उनात."

"ती रडेल हो," मी म्हणाले. "ती कुणाकडेच जात नाही. मिशी बघितली की संपलं."

"मी तिनाकडे देखावच नही," तो म्हणाला.

आणि खरंच, त्यानं तिच्याकडे पाहिलं नाही. आजवर जो आला तो "अले अले" करत तिच्या तोंडासमोर मिशी घेऊन यायचा. यानं तिला घेतलं, तोंड मागे करून खांद्यावर टाकलं आणि स्वतः खिडकीबाहेर बघत बसला. तिनं रडायला श्वास भरून घेतला. तो श्वास तसाच राहिला, कारण मागे अख्खं विमान तिच्याकडे बघत होतं, आणि कुणी काही बोलत नव्हतं.

किती वेळ गेला सांगता येत नाही. मागच्या रांगेतल्या एकानं बोट पुढे केलं. तिनं धरलं. मग त्यानं हात पुढे केले. गवंड्यानं माझ्याकडे पाहिलं. मी नको म्हणणार होते, पण त्या माणसाचा चेहरा बघून मला नको म्हणता आलं नाही. ती मागच्या रांगेत गेली. तिथून त्याच्या मागच्या. कुणी मल्याळी, कुणी बिहारचा, कुणी कोकणातला. जो घ्यायचा तो आधी आपल्या पोराचं वय सांगायचा, तिकीट दाखवावं तसं. "मेरा चार महीने का है." "माझा दोन वर्षांचा." एकानं तिच्या टाळूचा वास घेतला आणि बराच वेळ डोकं वर केलं नाही. कालपरवाच सगळे घरून निघाले होते.  ज्यांना मी मघाशी नुसत्या मिशा म्हणून मोजत होते, त्यांच्याकडे बघून मला माझीच लाज वाटली.

चौदाव्या माणसापर्यंत मी मोजलं. मग मला झोप लागली. सात महिन्यांत पहिल्यांदा, मुलगी जवळ नसताना, ढाराढूर. आदर्श मातेबद्दल जे काही लिहून ठेवलंय त्यात हे बसत नाही, पण झालं ते झालं.

जाग आली ती पट्टे बांधायच्या सूचनेनं. मांडी रिकामी! मी ओरडणारच होते, तेवढ्यात शेजारून आवाज आला, "आठे शे." ती पुन्हा गवंड्याकडे आली होती आणि त्याच्या छातीवर पसरून झोपली होती. त्याच्या नव्या शर्टावर लाळेचा मोठा नकाशा होता.

"तुमचं बाळ केवढं आहे?" मी विचारलं. एवढ्या वेळात मला हे सुचलं नव्हतं.

"इतलीच शे. आंडेर." मुलगी आहे म्हणे.  "दीड महिना सुट्टी व्हती. पंधरा दिन उनीच नही मनाकडे. देखताच रडे. मंग येवाले लागनी, तं सुट्टी सरनी." पंधरा दिवस ती बापाकडे आलीच नव्हती, आणि यायला लागली तर सुट्टी संपली. पुढची सुट्टी केव्हा, असं मी विचारलं. दोन वर्षांनी, तो म्हणाला. मग त्यानं मुलगी माझ्या हातात दिली, आणि उतरताना तिला पाजायचं म्हणून पुन्हा खिडकीकडे तोंड केलं.

मस्कतला बाहेरच्या कठड्याशी नवरा उभा होता. इस्त्रीचा शर्ट, एका हातात खुळखुळा. चेहरा बारावीच्या निकालाच्या दिवशी असावा तसा. जवळ यायचं धाडस होत नव्हतं त्याचं. दोन पावलांवर थांबून तो म्हणाला, "आधी लांबूनच बघू दे तिला. रडेल." पत्रातला तो शेवटचा प्रश्न आता त्याच्या तोंडावर उभा होता.

मुलीनं त्याच्याकडे पाहिलं. मिशीकडे पाहिलं. त्या दिवसातली ती बहुधा तिची तिसावी मिशी असावी. तिनं हात पुढे केले आणि शांतपणे त्याच्याकडे गेली.

खुळखुळा खाली पडला. माझा नवरा, जो स्वतःच्या लग्नात सुद्धा हसला नव्हता, तो सगळ्या लोकांसमोर रडायला लागला. "ओळखलं," तो म्हणत होता. "अगं, हिनं ओळखलं मला."

खरं काय ते माझ्या ओठावर आलं होतं. सत्याची मला सवयच वाईट. तेवढ्यात मागून सामानाची गाडी ढकलत गवंडी आला. त्यानं ऐकलं होतं. तो क्षणभर थांबला, माझ्या नवऱ्याकडे पाहून म्हणाला, "रक्त ओळखस, साहेब." आणि कंपनीची बस उभी होती तिकडे निघून गेला. बसमध्ये सगळे तेच होते, विमानातले. कुणी हात हलवला नाही, सगळे आपापल्या जागा धरण्यात होते.

"कोण गं हे?" नवऱ्यानं डोळे पुसत विचारलं.

"आपल्याकडचे. चाळीसगावचे."

"मुलंबाळं आहेत त्यांना?"

"एक मुलगी आहे. हिच्याएवढीच."

"मग बरोबर," तो म्हणाला. तिला छातीशी धरून तो इतका खूश होता की त्याला जगातलं सगळं बरोबर वाटत होतं. "त्यांना माहीत असणारच, बाप आल्यावर पोर कशी ओळखते ते."

"हो," मी म्हणाले. "त्यांना माहीत आहे."